पुलाच्या मधला दगड

ट्वीड नदीवरच्या आमच्या पुलाच्या मधोमध एक दगड आहे. अलीकडे इंग्लंड, पलीकडे स्कॉटलंड. माझी मेंढ्या राखणारी कुत्री चोरून तो चोरटा डॉड दगडापलीकडे उभा राहिला आणि आमच्या रॉब्सन हवालदाराला हिणवू लागला, "या की, साहेब! तुमची हद्द संपली!"

रॉब्सन सरळ दगड ओलांडून गेला आणि त्याला बेड्या घातल्या. "कायदा बदलून तीस वर्षं झाली, शहाण्या."

कायदा बदलण्याआधी बाबांची कुत्री चोरीला गेली, तेव्हाचा हवालदार याच दगडापाशी थांबला होता. बाबा मरेपर्यंत इथे येऊन तिच्यासाठी शिट्टी वाजवायचे.

मी रॉब्सनचे हात घट्ट धरले. मग बाबा वाजवायचे तीच शिट्टी वाजवली.

पलीकडच्या काठावरून माझी कुत्री दगड ओलांडून धावत आली.