भरवशाची स्प्रिंग

प्रितमने स्प्रिंग स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर उभी धरली आणि अंगठ्याने हळूहळू दाबत आणली. आकडा थोडा चढला आणि तिथेच घुटमळला. त्याने पुन्हा एकदा दाबून पाहिलं, मग व्हर्नियरने तिची लांबी मोजली आणि मान हलवली.

"बसली आहे," तो म्हणाला.

रत्ना गॅसपाशी कांदा परतत होती. "कोण?"

"स्प्रिंग. दबून दबून आखूड झालीय. रायफलच्या पिनला जोर मिळत नाही, म्हणून काडतूस कधी उडतं, कधी नुसतं टक् करून राहतं. आता भरवसा नाही हिचा."

"मग राहू दे ना तशीच. तू कुठं जातोस आता रेंजवर?"

त्याने काट्यावर लागलेलं तेल पेपर टॉवेलने पुसलं, काटा जागेवर ठेवला आणि तो स्प्रिंग घेऊन तळघरात उतरला.

रायफल त्याने स्वतः जुळवली होती. कोविडमध्ये सगळे घरात कोंडलेले असताना प्लांटमधल्या एका सहकाऱ्याने त्याला हा नाद लावला. अमेरिकेची सिटिझनशिप नुकतीच मिळाली होती. नळी एका ठिकाणाहून, बोल्ट दुसऱ्या ठिकाणाहून असं करत त्याने तिचे भाग जमवले आणि अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता हाताने घासून घासून बसवला. नागपूरला आईला यातलं काही कळू दिलं नाही. जनावरावर त्याने ती कधी रोखली नव्हती. रेंजवर जायचं, कागदावरच्या वर्तुळांवर गोळ्या झाडायच्या आणि घरी येऊन ती साफ करत बसायचं, एवढाच त्याचा आनंद होता. रत्नाने मात्र तळघराच्या त्या कोपऱ्यात कधी पाऊल टाकलं नाही. लाँड्रीला जातानाही ती वळसा घालून जायची.

गेल्या शरद ऋतूत कंपनीने त्याचं डिपार्टमेंटच बंद केलं. ब्रेकचे भाग तपासण्यात त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. सुरुवातीला तो रोज सकाळी शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसायचा. जवळच्या नोव्हाय, ट्रॉयपासून पुढे पुढे तर थेट टेक्सासपर्यंत अर्ज करायचा. इंटरव्ह्यूला माणसं गोड बोलायची आणि नंतर गप्प व्हायची. हिवाळा लागला तसा शर्ट सुटला, मग दाढी करणं सुटलं. मंडळाच्या महिन्याच्या बुद्धवंदनेला रत्ना एकटीच जाऊ लागली. लोक विचारत तेव्हा ती म्हणे, त्याला जरा सर्दी आहे.

एक स्प्रिंगचं काम तेवढं उरलं होतं. ढिगाने बनणारी स्वस्त स्प्रिंग त्याला नको होती. तार कुठली, तिला ताव कसा दिलाय, किती दाबल्यावर ती मूळ लांबीला परत येते, हे सगळं तो तासन्‌तास वाचत बसे. तेवढा वेळ त्याची पाठ ताठ असायची, आवाजही पूर्वीसारखा यायचा. मग लॅपटॉप मिटून तो बुटांसकट सोफ्यावर आडवा व्हायचा आणि संध्याकाळी रत्ना ऑफिसातून आली की तिला तिथेच दिसायचा.

जानेवारीत डिअरबॉर्नच्या एका कंपनीने शेवटच्या फेरीनंतर नकार कळवला. त्या संध्याकाळी जेवताना रत्नाचा चेहरा उतरलेला पाहून त्याने तिला धीर दिला.

"घाबरू नको," तो म्हणाला. "काही झालंच तर माझा इन्शुरन्स आहे. तुमचं दोघींचं अडणार नाही."

रत्नाने घास खाली ठेवला. मग ताटं उचलून सिंकमध्ये नेली आणि नळ सोडून उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून अ‍ॅन आर्बरला कॉलेजात असलेली हर्षिता रोज फोन करू लागली. "डिड यू ईट, बाबा?" ती विचारायची आणि मग बराच वेळ फोन ठेवायची नाही. परीक्षेची धास्ती असेल, असं त्याला वाटलं.

शेवटी त्याने ओहायोतल्या एका छोट्या वर्कशॉपची स्प्रिंग निवडली. तिथला मालक प्रत्येक नग स्वतः तपासतो असं लोक लिहीत होते. ऑर्डर केली. पार्सल पोचल्याचा मेसेज आला, पण दारात काहीच नव्हतं. तो वितळत्या बर्फाच्या चिखलातून मेलबॉक्सपर्यंत गेला, शेजाऱ्यांना विचारून आला. वर्कशॉपवाल्याने न कुरकुरता दुसरी पाठवली. तीही पोचल्याचं कळलं आणि तीही मिळाली नाही.

"हल्ली पार्सलं चोरीला जातात," रत्ना म्हणाली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि तिने मान वर केली नाही.

शनिवारी सकाळी ती भाजी आणायला गेली तेव्हा त्याने जॅकेट चढवलं, जुनी स्प्रिंग खिशात टाकली आणि तो ग्रँड रिव्हर रस्त्यावरच्या डेलच्या दुकानात गेला. पूर्वी गोळ्या घ्यायला तो तिथेच जायचा. डेल बुटका होता आणि चष्मा नेहमी गळ्यात लटकवलेला. त्याने तो डोळ्यांना लावला आणि स्प्रिंग बोटांत फिरवून पाहिली.

"गेलीच आहे ही," तो म्हणाला.

"तशी नवी आहे तुझ्याकडे? चांगल्यातली?"

"आहे. चांगल्यातली आहे."

तो जागचा हलला नाही. प्रितम थांबला.

"मग?"

"आज मी ती तुला विकणार नाही."

प्रितमचे खांदे ताठ झाले. इतकी वर्षं इथे राहून रंग पाहून अडवल्याचे प्रसंग थोडेच आले होते, पण आले होते. अशा वेळी मान खाली न घालता कारण विचारायचं, हे त्याला वडिलांनी लहानपणीच शिकवलं होतं.

"का?"

डेलने चष्मा काढला. "तुझी बायको येऊन गेली. मागच्या आठवड्यात."

"माझी?"

"जांभळा कोट. दाराशी बराच वेळ उभी होती. मला वाटलं रस्ता चुकली. मग आत आली आणि फोनमधला तुझा फोटो दाखवला. म्हणाली, हा माणूस एक पार्ट घ्यायला येईल. कुठली स्प्रिंग ते सांगता येईना तिला. असं करून दाखवलं." डेलने दोन बोटं एकमेकांजवळ आणून दाबली आणि सोडली. "म्हणाली, शिल्लक नाही म्हणून सांग. मी म्हटलं, मॅडम, मी गिऱ्हाइकाशी खोटं बोलत नाही. पण न विकणं माझ्या हातात आहे."

"आणखी काय म्हणाली?"

"काही नाही. मी विचारलंही नाही. या काउंटरमागे माझं आयुष्य गेलंय." त्याने स्प्रिंग प्रितमच्या हातात परत दिली. "मागे माझी तिजोरी आहे. काही लोक आपली बंदूक काही दिवस माझ्याकडे ठेवतात. बरं वाटलं की घेऊन जातात. मी कुणाला काही विचारत नाही."

प्रितमला संतापायचं होतं. त्याने तोंड उघडलं, पण संतापाइतकं बळ त्याच्यात उरलं नव्हतं. तो मान हलवून बाहेर आला आणि गाडीत बसून राहिला. समोर दुकानाची काच होती आणि काचेतून भिंतीवर ओळीने लावलेल्या बंदुका दिसत होत्या. दुकानात वस्तू परत करायची असली तरी रत्ना त्याला पुढे करायची. इथं ती एकटी आली होती.

तो घरी पोचला तेव्हा ती भाकरी थापत होती.

"डेलच्या दुकानात गेलो होतो," तो म्हणाला.

तिचा हात परातीत थबकला. मग पुन्हा फिरू लागला.

"मग?"

"नाही दिली त्याने. हवं तर रायफल त्याच्या तिजोरीत ठेव म्हणाला."

तिने भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाणी फिरवलं. "पार्सलं माझ्याकडे आहेत. दोन्ही. तू झोपलेला असताना दारातून उचलली. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहेत."

"मला बोलायचं ना, रत्ना."

"काय बोलायचं? मला तो शब्द तोंडातून काढवत नाही."

तसं काही नाही, तू उगाच मनाला लावून घेतेस, हे वाक्य त्याच्या ओठांवर तयार होतं. तिने भाकरी उलटली, फुगू दिली, उतरवली. गॅस बंद केला आणि ती त्याच्याकडे वळली.

"मी चुकले असेन तर तसं सांग," ती म्हणाली. "आत्ता हर्षिताला फोन करते. म्हणते, बाबा ठीक आहे, मलाच काहीतरीच सुचत होतं. मला हवंय ते, प्रितम. मी चुकलेलीच हवी आहे."

त्याने खुर्ची ओढली आणि तो बसला. टेबलावरच्या पाण्याच्या एका थेंबावर बोट ठेवून तो थेंब पसरवत राहिला. बाहेर कुणाचं तरी गॅरेजचं दार वर गेलं, खाली आलं.

"चुकली नाहीस," तो म्हणाला.

तिने टॉवेल घेतला आणि हाताचं पीठ पुसलं. एकेक बोट पुसत राहिली.

"डॉक्टरकडे जाशील?"

"जाईन."

"माझ्यासोबत?"

"हो."

तिने टॉवेल ओट्यावर ठेवला आणि ताट घेतलं. भाकरी मोडून त्याच्यासमोर वाढायला लागली.

"जेवून घे," ती म्हणाली. "मग दोघं मिळून त्या माणसाकडे ठेवून येऊ ती रायफल."

प्रितमने ताट बाजूला सरकवलं आणि तो उभा राहिला.

"आधी जाऊन येऊ," तो म्हणाला.