नावेत पडलेला माणूस

पाण्यात पडला असता तर पोहून वर आला असता. माझा नवरा जागेश्वर पडला तो नावेतच. जाळं ओढताना माशांच्या चिकट्यावरून पाय सटकला आणि आडव्या फळीवर पाठ आदळली. सोबतचे आधी हसले म्हणे. हसणारच, नावेत पडणं हेही काय पडणं झालं?

माझा धाकटा दीर इश्वर हसला नाही. त्याने भावाला काखेत हात घालून उठवलं, खांद्यावर टाकून काठावर आणलं आणि मोटारसायकलवर मधे बसवलं. मागून एकाला धरायला लावून, तलावाच्या पाळीवरच्या खड्ड्यांतून गाडी हाणली ती थेट भंडाऱ्याच्या दवाखान्यात.

डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. हाड नावेत मोडलं, पण आतली नस बहुतेक आणताना गेली, म्हणाले. तिथेच सपाट निजवून दवाखान्याची गाडी बोलावली असती तर कदाचित पाय वाचले असते. आता ह्यांना कमरेखालचं काहीच कळत नाही.

मी हे कोणालाच सांगितलं नाही. गावात मात्र 'इश्वर होता म्हणून भाऊ वाचला' असंच चाललेलं. ते ऐकलं की माझ्या अंगाची आग व्हायची. आणि तोच इश्वर रोज संध्याकाळी येऊन भावाच्या पायांना जवसाचं तेल चोळत बसायचा. मग रागावणार तरी कोणावर?

परवा चोळता चोळता म्हणाला, "वहिनी, काल धनंजय नावेत घसरला. लागलं नाही त्याले. पन मी सगळ्याईले सांगून ठेवलं, कोनी पडला का वाट नाही पाहाची. उचलाचं अन् गाडीवर बसवाचं, जसं मी दादाले आनलं."

हे भिंतीकडे तोंड करून कुशीवर पडले होते. ह्यांच्यासमोर मला बोलायचं नव्हतं. पण उद्या आणखी कोणाच्या घरात असंच माणूस पडून राहिलं तर?

"उचलाचं नाही, भाऊजी," मी म्हटलं. "पडल्या जागीच सपाट राहू द्याचं." आणि डॉक्टरांचं सगळं सांगून टाकलं. जीव हलका होईल वाटलं होतं. कसला होतो.

इश्वरचे हात ह्यांच्या पोटरीवर तसेच थांबले. तेल बोटांवरून चादरीवर ओघळत होतं.

मग ह्यांचा आवाज आला. मान वळवली नाही.

"तुले काय मालूम होतं रे? बस झालं आता. कवापासून चोळून राहिला, हात दुखतीन तुहे."