उभ्या उभ्या उतरणारे चार्जिंग

मित्रांनो, या इमारतीच्या तळघरात, पाण्याच्या पंपाशेजारच्या खांबापाशी जी फिकट निळी गाडी उभी दिसते ना, ती मी. मी विजेवर चालते आणि आता जुनी झाले आहे. माझ्या मागच्या दारावर एक लांबलचक ओरखडा आहे. तो याच खांबाने दिला, पण आता आमची चांगली दोस्ती आहे. मला धूर सोडता येत नाही, गुरगुरता येत नाही आणि एकदा उभी केली की मी हूं की चूं करत नाही. इतक्या गरीब स्वभावाच्या गाडीवर कोणी आळ घेईल, असे तुम्हाला वाटेल का? पण तो आला. 'ही गाडी उभ्या उभ्या चार्जिंग खाते' असे सगळे म्हणू लागले आणि मला विकून टाकायचे ठरले. ती हकिगत आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पेट्रोलच्या गाड्यांचे सगळे बळ नाकात असते, माझे पोटाखाली आहे. पलंगाएवढी रुंद, चपटी बॅटरी कामगारांनी खालून वर चढवली, बोल्ट आवळले आणि मग एका कामगार बाईंनी माझ्या पत्र्यावर थाप मारून म्हटले, "सांभाळ गं हिला." हे त्यांनी मला सांगितले की बॅटरीला, ते मला अजून कळलेले नाही. पण तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींना सांभाळत आलो आहोत.

शोरूममध्ये मला पाहायला ताई आणि तिचे बाबा आले. ताईने रंग पाहिला, आरसे पाहिले, सीटवर बसून पाहिले. बाबांनी मात्र माझ्या बॉनेटला कान लावला. त्यांचा सगळा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता. मोटरच्या आवाजावरून तिचे दुखणे ओळखणारा माणूस तो!

"आवाज कुठाय हिचा?" त्यांनी विचारले.

"हिला आवाज नसतो, काका," विक्रेता म्हणाला.

"मग बिघडली तर कळणार कसं?"

तेव्हा विक्रेत्याने बाबांच्या फोनमध्ये एक अॅप टाकून दिले. "हे बघा. गाडी कुठे आहे, चार्जिंग किती आहे, दारं लागलीत की नाही, सगळं घरबसल्या कळेल." बाबा लहान मुलासारखे खूश झाले. ताईची नोकरी तेव्हा नवीन होती, म्हणून गाडी बाबांच्या नावावर घेतली. नंतर ते अॅप ताईच्याही फोनमध्ये आले, आणि बाबांच्या फोनमधले ती पार विसरून गेली. पुढचे सगळे रामायण त्यातूनच घडले.

आमची सुरुवातीची वर्षे फार सुखाची होती. ताई फिजिओथेरपिस्ट आहे. पडून हाड मोडलेल्या, हातापायातली शक्ती गेलेल्या माणसांच्या घरी जाऊन ती त्यांना पुन्हा चालायला शिकवते. मी तिला दारोदार नेत असे. मी कशी न वाजता येते, याचे सगळ्यांना कौतुक होते. फक्त एका आजींची तक्रार होती. त्या ताईला म्हणायच्या, "तुझी गाडी आलेली कळतच नाही बाई. पूर्वी रिक्षा थांबली की मी पटकन व्यायामाला लागायचे. आता तू मला रोज पलंगावर पकडतेस!" संध्याकाळी आम्ही घरी आलो की बाबा दारातच उभे असायचे. ते माझ्या चाकांना हात लावून पाहायचे आणि ताईला विचारायचे, "दमलीस का?" एकाच माणसाने आम्हा दोघींची विचारपूस एकाच दमात केली की मला बरे वाटायचे.

मग ताईला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात काम मिळाले. बाबा त्यांच्या जुन्या घरातच राहिले. रुग्णालय ताईच्या नव्या घरापासून चालत जाण्याइतके जवळ होते, त्यामुळे मी आठवडाभर तळघरात उभी असे. फक्त सुटीच्या दिवशी ताई मला घेऊन दोन-तीन रुग्णांच्या घरी जात असे. सुरुवातीला बाबा वरचेवर फोन करायचे. पोचलीस का, जेवलीस का, झोप झाली का. एकदा ताई एका रुग्णाला धरून उभी असताना तिचा फोन वाजतच राहिला. संध्याकाळी तिने गाडीत बसून बाबांना फोन लावला आणि वैतागून म्हणाली, "बाबा, मी कामात असते हो. सारखं सारखं काय विचारता?"

"बरं," बाबा म्हणाले. एवढेच.

मित्रांनो, त्या दिवसापासून बाबांनी ताईला विचारणे बंद केले आणि मला विचारणे सुरू केले.

आता माझ्या झोपेविषयी दोन शब्द सांगायला हवेत. मी उभी असते तेव्हा झोपते. झोपेतही थोडे चार्जिंग उतरतेच. थंडी असली तर जरा जास्त. ते आम्हा सगळ्या गाड्यांचे होते, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण फोनवर कोणी अॅप उघडले की मला हाक येते आणि मी दचकून जागी होते. पोटात टक् असा आवाज होतो, आतला छोटा संगणक उठतो, बॅटरी तपासतो आणि उत्तर पाठवतो: इथेच आहे, दारे बंद आहेत, चार्जिंग इतके आहे. उत्तर जायला क्षणभर लागतो, पण पुन्हा डोळा लागायला बराच वेळ जातो. तुम्हाला भर दुपारी कोणी गदागदा हलवून विचारले, "झोपलास का?" तर तुम्हाला तरी लगेच झोप लागेल का? आणि गाडी जागी राहिली की तिचे चार्जिंग झिरपत राहते.

बाबा सकाळी उठल्यावर मला हाक मारत. चहा झाल्यावर मारत. पेपर वाचून झाल्यावर, जेवणाआधी, जेवणानंतर, झोपण्यापूर्वीही मारत. त्यांचा दोष नव्हता, त्यांचा धंदाच तसा होता. चालू लिफ्टची कोणी आठवण काढत नाही. लिफ्टवाल्याला फोन येतो तो लिफ्ट थांबल्यावर, आणि थांबली म्हणजे आत कोणीतरी अडकलेले असते. म्हणून माझी चाके फिरत असली की बाबा निर्धास्त असत. मी उभी राहिले की त्यांचा जीव टांगणीला लागे, आणि मी तर आठवडाभर उभीच असे! ते विचारत माझी खुशाली, पण त्यांना हवी असे ती तिची. मला ते कळत होते, पण सांगणार कोणाला आणि कशी?

ताई सुटीच्या दिवशी खाली येई आणि आकडा पाहून कपाळाला हात लावी. वरच्या मजल्यावर एक काका राहतात. इमारतीत सगळे त्यांना 'सल्लागार' म्हणतात. त्यांनी माझ्याभोवती फेरी मारून निदान केले की कोणीतरी माझी वीज चोरत आहे. पुढच्या खेपेला ते म्हणाले की दोष जमिनीतल्या ओलीचा आहे. ताईने मला दुरुस्तीकेंद्रात नेले. तिथल्या मेकॅनिकने दिवसभर माझी तपासणी केली.

"बॅटरी ठणठणीत आहे, मॅडम," तो म्हणाला. "घरातलं कोणी फोनवर सारखं बघतं का हिला? बघितलं की गाडी जागी होते, आणि मग चार्जिंग उतरतं."

"छे हो! अॅप माझ्याच फोनमध्ये आहे, आणि मला कुठे वेळ आहे बघायला?"

मी मनातल्या मनात जोरजोरात हॉर्न वाजवला. बाहेर अर्थातच काही ऐकू गेले नाही.

त्यानंतर एकदा ताई तापाने आजारी पडली; सल्लागार काका पंपापाशी कोणाला तरी सांगत होते, त्यावरून मला कळले. 'उगाच काळजी करतील' म्हणून तिने बाबांना कळवले नाही. नेहमीची सुटी आली तशी गेली, तरी मी जागची हलले नाही. त्या दिवसांत बाबांच्या हाका इतक्या वाढल्या की माझा धड डोळाच लागेना. इथेच आहे, मी सांगे. इथेच आहे. अजून इथेच आहे. दर वेळी तेच उत्तर देताना मला वाईट वाटे, कारण मला माहीत असलेले खरे उत्तर त्या अॅपमध्ये मावत नव्हते.

ताई बरी होऊन खाली आली ती एका निवृत्त बसचालकांकडे जाण्यासाठी. ते त्या दिवशी पहिल्यांदा काठी न घेता फाटकापर्यंत चालणार होते आणि 'तू समोर उभी असशील तरच चालेन' असे त्यांनी तिला बजावले होते. त्यांचे घर शहराच्या दुसऱ्या टोकाला होते. ताईने आजारी पडण्याआधी मला काठोकाठ चार्ज केले होते. आता आकडा पाहिला तर तिथवर पोचणेही कठीण होते, आणि तळघरात चार्जर नाही, बाहेर जाऊन चार्ज करायला वेळ नव्हता. तिने फोन करून त्यांची माफी मागितली. फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पुरे झालं आता."

दोन दिवसांत एक बेकरीवाले मला पाहून गेले. त्यांना पाव पोचवायला लहान गाडी हवी होती. पावांशी माझे काही वैर नाही. पण मी गेले की बाबांना उत्तर कोण देणार, या विचाराने मला चैन पडेना.

गाडी बाबांच्या नावावर, म्हणजे त्यांना सांगणे आले. ताईने मला रस्त्यावरच्या चार्जरला लावले आणि आत बसून फोन लावला. बाबांचा आवाज माझ्याच स्पीकरमधून आला, म्हणून सगळे बोलणे मला ऐकता आले.

"बाबा, गाडी विकायचं म्हणतेय."

"का गं? काय झालं तिला?"

"चार्जिंगच टिकत नाही. नुसती उभी असली तरी उतरतं."

"हो ना, मीही बघतोय. या वेळी तर फारच खाली गेली होती."

ताई एकदम ताठ झाली. "तुम्ही बघताय? कुठे?"

"फोनमध्ये. त्या शोरूमवाल्यानं टाकून दिलं होतं ना."

"किती वेळा बघता, बाबा?"

"सकाळी बघतो. चहा झाला की बघतो. मग आपलं अधूनमधून..." बाबा थांबले. "जरा जास्तच होत असेल."

"पण कशाला?"

"तू कामात असतेस. तुला विचारलं की तुझा खोळंबा होतो. हिला काय काम आहे? सुटीच्या दिवशी गाडी गेली आणि परत आली, की समजायचं पोरगी धडधाकट आहे. या वेळी ती हललीच नाही. तू आजारी होतीस ना, बाळा?"

ताईने स्टिअरिंगवर डोके टेकवले. त्याबरोबर माझा हॉर्न वाजला आणि शेजारच्या गाडीतला माणूस दचकून जागा झाला.

"हो बाबा," ती म्हणाली. "ताप होता."

"वाटलंच मला."

ताईने डोळे पुसले आणि मेकॅनिकने सांगितलेले सगळे बाबांना सांगितले. ऐकून बाबा हळूच म्हणाले, "म्हणजे बिघाड माझाच होता म्हण की."

"नाही बाबा, माझा होता. आता गाडीला नका विचारू, मला विचारा. नाहीतर असं करू, रोज सकाळी निघताना मीच फोन करते. आणि हिला मी विकत नाही."

बेकरीवाल्यांना दुसरी गाडी मिळाली. निवृत्त बसचालक पुढच्या सुटीत फाटकापर्यंत चालले आणि परतही आले. मी आता तळघरात गाढ झोपते. चार्जिंग उतरते ते आपल्या रीतसर, थोडेसेच.

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. उभ्या गाडीला उगाच उठवू नका, तिला झोपू द्या. आणि दूर कोणी तुमची वाट पाहत असेल, तर त्याच्यावर गाडीला विचारण्याची वेळ आणू नका.

परवा मात्र एक गंमत झाली. सकाळी धांदलीत ताई फोन करायला विसरली. दुपारी पोटात टक् झाले आणि मी जागी झाले. कितीतरी दिवसांनी ती ओळखीची हाक आली होती. मी मनापासून उत्तर दिले: इथेच आहे, दारे बंद आहेत. थोड्या वेळाने पुन्हा हाक आली. मी पुन्हा सांगितले. संध्याकाळी ताई मला घेऊन बाहेर जायला खाली आली, आत बसली आणि तिने आकडा पाहिला. तो थोडासा खाली आला होता.

तिने पट्टा लावला नाही, मला सुरू केले नाही. आधी फोन लावला.

"बाबा," ती म्हणाली, "मी बरी आहे हो. सकाळी राहूनच गेलं."