मी बघते

आयोग हा शब्द माझा नाही. तो आमच्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष दिगंबर सबनीस यांचा. १९८४च्या संक्रांतीला, तिळगूळ वाटायच्या आधी, त्यांनी माइकवरून जाहीर केलं, "आपल्या उत्तराताई शहराच्या मानवी हक्क आणि सेवा आयोगावर गेल्या आहेत." हॉलभर टाळ्या वाजल्या. इंग्रजीत ते नुसतं कमिशन होतं. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटपासून पंधरा मिनिटांवरच्या आमच्या या गावाला रस्त्यातल्या झाडांसाठीसुद्धा एक कमिशन होतं. पण मराठीत आयोग म्हटलं की डोळ्यांसमोर निवृत्त न्यायमूर्ती येतात, साक्षी होतात, भल्याभल्यांना घाम फुटतो. मी उठून तिथल्या तिथे दुरुस्ती करायला हवी होती. मी उठून नमस्कार केला.

आमचा आयोग म्हणजे सात माणसं, महिन्यातला एक गुरुवार आणि सिटी हॉलच्या मागच्या खोलीतली पातळ कॉफी. पूर्वी या दोन वेगळ्या कमिट्या होत्या. सेवावाल्यांकडे म्हाताऱ्यांची दुपारची जेवणं आणि दवाखान्याची गाडी असं खरंखुरं काम होतं. हक्कवाल्यांकडे शाळांची पोस्टर स्पर्धा होती. सिटी कौन्सिलने दोघांची एकत्र मोट बांधली आणि सांगितलं, तुमची भूमिका काय ते तुम्हीच एका पानात लिहून आणा. ते एक पान लिहायला आम्हाला चौदा महिने लागले.

मी पेशाने केमिस्ट. लॅबमध्ये आधी पदार्थ सापडतो, मग त्याला नाव देतात. इथे सगळं उलटं. आमचे चेअरमन मिस्टर हॉलिस हे निवृत्त मुख्याध्यापक. ते दर मीटिंगला फळ्यावर एक क्रियापद लिहायचे आणि आम्ही त्याचा कीस काढायचो. तक्रार आली तर कमिशन तिची चौकशी करील, म्हणजे 'इन्व्हेस्टिगेट' करील, असं पहिल्या मसुद्यात होतं. मिसेस प्रुइट घरं विकायच्या धंद्यातल्या. त्या शब्दाकडे जेवणात निघालेल्या केसाकडे पाहावं तशा पाहायच्या. "उद्या तुम्ही माझ्या क्लायंटच्या दारात उभे राहाल," असं त्यांनी मला दोनदा ऐकवलं. शहराचा वकील प्रत्येक 'करील' खोडून 'करू शकेल' लिहायचा. घरी नवरा, गिरीश, विचारायचा, "काय आयोगबाई, आज कुठलं क्रियापद पडलं?" मला हसू यायचं. आता येत नाही.

तेराव्या महिन्यात आमच्या मंडळातली सुलभा माझ्याकडे आली.

सुलभाचा नवरा चारुदत्त दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅकने गेला. वय एकेचाळीस. सगळ्यांनी तिला परत जा म्हणून सांगितलं, इलिनॉयमधल्या शॉमबर्गच्या भावाने माझ्याकडे ये म्हणून सांगितलं. ती कुठेच गेली नाही. एका चिप्सच्या कारखान्यात तिने दुपारची शिफ्ट धरली, दोन ते साडेदहा. नऊ वर्षांच्या मुलीला, सीमाला, शाळेतून आणायला, जेवू घालायला कोणीतरी हवं म्हणून तिने साताऱ्याहून आपल्या आईला, नंदाकाकूंना, बोलावून घेतलं. तिघींचा तो तळमजल्यावरचा दोन खोल्यांचा अपार्टमेंट शाळेपासून चालत पाच मिनिटांवर होता. ते घर होतं म्हणून काकू शाळेपर्यंत चालत जाऊ शकत होत्या, म्हणून सुलभा नोकरी करू शकत होती. घर गेलं की पुढचं सगळंच जाणार होतं, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

भांडण एका शब्दावरून झालं. बिल्डिंगच्या मॅनेजरने दारात येऊन विचारलं, ही बाई तुझी गेस्ट आहे का? पाहुण्यांना चौदा दिवसांची मुभा होती, आणि फार तर मुदत वाढवून मागता आली असती. सुलभाला राग आला.

"मी म्हटलं, गेस्ट कशाला असेल? शी इज माय मदर. धिस इज हर हाउस," तिने मला सांगितलं. "उत्तराताई, आईला पाहुणी कशी म्हणू?"

मॅनेजरने ते तसंच्या तसं लिहून घेतलं: परवानगी नसलेली तिसरी व्यक्ती, कायमच्या वास्तव्याला. आठवड्याभरात तीस दिवसांत जागा सोडण्याची नोटीस आली. वरच्या मजल्यावरच्या मुलाची मैत्रीण वर्षभर तिथे राहत होती, भाडेपत्रावर तिचंही नाव नव्हतं. तिला कोणी काही विचारलं नव्हतं.

"हे तुमच्या आयोगात बसतं ना?" सुलभाने विचारलं.

बसत होतं. पोस्टर स्पर्धेपेक्षा नक्कीच जास्त बसत होतं. माझं डोकं तापलं होतं आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला होता. वर्षभर ज्या रिकाम्या भांड्याला आम्ही कल्हई करत होतो त्यात घालायला अखेर काहीतरी आलं होतं. मी म्हटलं, "सगळे कागद एका फाइलमध्ये नीट ठेव. बाकी मी बघते."

मराठीत 'मी बघते' याचा अर्थ सगळ्यांना कळतो. मुलाला बरं नसलं, नळ गळत असला, लग्नात पुऱ्या कमी पडल्या, की घरातली कोणीतरी बाई म्हणते, तू जा, मी बघते. मग दुसऱ्याने तो विषय डोक्यातून काढून टाकायचा असतो. सुलभाने तो काढून टाकला. शेजारणीने लीगल एडच्या, म्हणजे फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेच्या, वकिलाचा नंबर दिला होता, तो तिने फिरवला नाही. भावाने फोनवर विचारलं तर म्हणाली, आयोगाकडे दिलंय.

तीस दिवस संपले. ती गेली नाही, कारण मी जा म्हटलं नव्हतं. त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी लॅबमध्ये तिचा फोन आला.

"ताई, आज एका माणसाने हातात कागद दिला. कोर्टाचा आहे. समन्स लिहिलंय."

त्या संध्याकाळी आमची मीटिंग होती. मिस्टर हॉलिसनी बजावलं होतं की आज पान पुरं झालं नाही तर कौन्सिल कमिशनच गुंडाळणार. माझ्यासमोर टेबलावर शब्दांची यादी होती.

"फाइलमध्ये ठेव," मी म्हटलं. "आज आमचं फायनल होतंय. एकदा पॉवर मिळाली की पहिली तुझीच केस घेते."

"मी काही करायचं का?"

"तू काही करू नकोस. मी बघते."

मीटिंग नेहमीच्याच ठिकाणी अडकली. इन्व्हेस्टिगेटच्या बाजूने तीन, विरुद्ध तीन, आणि चर्चचे पाद्री नेहमीप्रमाणे दोन्हीकडे. तेव्हा मी हात वर केला. म्हटलं, 'रिव्ह्यू' लिहू या. कमिशन तक्रारी स्वीकारील आणि रिव्ह्यू करील. मिसेस प्रुइटनी मान हलवली, म्हणाल्या, यात हरकत घेण्यासारखं काही नाही. हे ऐकूनच मला शंका यायला हवी होती. मला वाटलं, आधी दार तरी उघडू दे, मग पाय आत घालता येईल. सात विरुद्ध शून्य. हॉलिसनी तो शब्द फळ्यावर लिहिला, सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मला टाळ्यांची सवयच लागली होती बहुतेक.

मी त्या आठवड्यात तो कागद विसरले असते तर बरं झालं असतं, निदान विसरभोळेपणावर ढकलता आलं असतं. मला आठवण होती. शुक्रवारी वाटलं, रविवारी मंडळात भेटेलच. रविवारी ती आली नाही. सोमवार, मंगळवार लॅबमध्ये इन्स्पेक्शन होतं. आणि मनात पक्कं होतं की कोर्टकचेऱ्या म्हणजे वर्षानुवर्षं चालतात. पुण्यात माझ्या वडिलांची शेजाऱ्याशी भिंतीवरून केस बावीस वर्षं चालली. कोर्टाच्या कागदाला घाई असते हे मला कधी सुचलंच नाही.

मी गेले तो पुढचा गुरुवार. सुलभा कामावर निघायच्या तयारीत होती. नंदाकाकूंनी देवाच्या फडताळातून निळी फाइल काढून दिली. "कोणाला हात लावू दिला नाही हो," त्या म्हणाल्या. मी उभ्याउभ्या समन्स वाचलं. पाच दिवसांत लेखी उत्तर दाखल करा, नाहीतर तुमचं म्हणणं न ऐकता निकाल दिला जाईल. पाच दिवस मंगळवारी संपले होते. तिथूनच कोर्टात फोन केला तर कळलं, आदल्या दिवशीच, म्हणजे बुधवारी, निकाल लागला होता.

"काय झालं, ताई?" सुलभाने विचारलं.

मी तिला सांगितलं. ती रागावली नाही. तिने घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "मग आता आयोग काय करतो?"

आता सगळं धावत केलं. लीगल एडच्या वकिलाने निकाल फिरवण्याचा अर्ज केला. त्यात लिहिलं की एका कमिशनरच्या, म्हणजे माझ्या, सांगण्यावरून उत्तर दाखल करायचं राहिलं. तसं मी शपथेवर लिहून दिलं. घरमालकाच्या बाजूने शहराच्या वकिलाचं पत्र जोडलं गेलं: कमिशन कोणाचंही प्रतिनिधित्व करत नाही, कोणाला सल्ला देत नाही, तक्रारी स्वीकारतं आणि त्यांचा रिव्ह्यू करतं. शब्द माझाच होता. न्यायाधीशांनी तो मोठ्याने वाचला आणि अर्ज फेटाळला. मिसेस प्रुइटनासुद्धा मी फोन केला, ओळखीत कुठे जागा मिळेल का म्हणून. त्यांनी मनापासून तीन ठिकाणी विचारलं. पण आता सुलभाच्या नावावर कोर्टाचा निकाल होता, आणि असल्या नावाला कोणी दार उघडत नव्हतं. माझं घर टाउनहाउस, वर दोन खोल्या रिकाम्या. मी म्हटलं, माझ्याकडे राहा. सुलभा म्हणाली, "नको." तेवढंच म्हणाली. का ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

शॉमबर्गहून भाऊ आला, राजीव. नोकरी सुटली, सीमाची शाळा सुटली. काकूंचं तिकीट बदलून त्यांना साताऱ्याला पाठवायचं ठरलं, कारण राजीवच्या घरात एवढ्यांना जागा नव्हती. शनिवारी सकाळी मी पोळीभाजीचे डबे घेऊन गेले. दुसरं काय नेणार. गाडीत सामान चढत होतं. वरच्या मजल्यावरची ती मैत्रीण खाली येऊन खोके उचलायला मदत करत होती, आणि बिचारीला काहीच माहीत नव्हतं.

"सीमा, मावशीला बाय कर," काकू म्हणाल्या.

"बाय, मावशी," सीमा म्हणाली. मग मला विचारलं, "आर यू द वन हू वॉज हेल्पिंग अस?"

मी हो म्हटलं. खोटं बोलले की खरं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

काकूंनी माझे दोन्ही हात धरले. "परक्या मुलखात तुम्ही होतात म्हणून आधार वाटला. तुम्ही एवढं बघितलंत." त्यांना कोणी नीट सांगितलं नव्हतं. सुलभा मागे उभी होती, तिने तोंड फिरवलं. गाडीत बसायच्या आधी तिने निळी फाइल माझ्या हातात दिली.

"ही तुमची," ती म्हणाली.

पुढच्या मीटिंगमध्ये मी ती फाइल कमिशनपुढे ठेवली. नव्या भूमिकेखालची पहिली तक्रार. डोलोरेस, आमची क्लार्क, फार नेटकी बाई. तिने 'रिसीव्ह्ड'चा शिक्का मारला, तारीख घातली. हॉलिसनी विचारलं, भाडेकरू सध्या कुठे आहे? मी म्हटलं, इलिनॉयला. मग आपल्या हद्दीत नाही, मिसेस प्रुइट म्हणाल्या, आणि त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं. कागद टेबलावरून फिरले, प्रत्येकाने एकेक पान उलटून पाहिलं. चार मिनिटं लागली. रिव्ह्यू झाला, असं हॉलिस म्हणाले. पुढचा विषय पोस्टर स्पर्धेचा होता.

मीटिंग संपल्यावर डोलोरेस नोंदवही घेऊन माझ्याजवळ आली. फाइलच्या पाठीवर एक पांढरी पट्टी चिकटवलेली होती, तिच्यावर सुलभाच्या गोल अक्षरात एक ओळ होती. आईला इंग्रजी येत नाही, कागद कुठल्या फाइलमध्ये घालायचे ते कळावं म्हणून लिहिलेली. मी ती त्या क्षणापर्यंत वाचलीच नव्हती.

"मला शीर्षक नोंदवायचंय," डोलोरेस म्हणाली. "हे काय लिहिलंय?"

मी वाचलं. 'उत्तराताई बघताहेत.'

डोलोरेस पेन टेकवून थांबली होती. पाठीमागे कोणीतरी कॉफीचे पेले गोळा करत होतं. इंग्रजीत हे कसं सांगायचं याचा मी विचार केला, आणि बराच वेळ मला एकच शब्द सुचत राहिला.

"अंडर रिव्ह्यू," मी म्हटलं.

तिने तसं लिहून घेतलं.