बी-चौदा नावाचे दोन बीम

मित्रांनो, मला हात लावता येत नाही. मी वसईतल्या एका ऑफिसच्या संगणकात राहणारा जुना नियम आहे. लोखंडी इमारत उभी करण्याआधी ती संगणकात रचतात आणि प्रत्येक बीमला, प्लेटला नाव देतात. तेच नाव कारखान्यात लोखंडावर ठोकतात. दोन वेगळ्या बीमना एकच नाव पडलं, की मी ते लाल करायचो आणि ड्रॉइंग अडवून धरायचो.

मला भुईगावच्या रोवेनाने घडवलं. तीन आठवडे ती डबाही संगणकासमोरच खायची. ऑफिसचे प्रमुख जयवंत सर तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने मला दाखवत. दोन वर्षं चुकीचा एकही तुकडा साइटवर गेला नाही.

मग एका गोदामाचं काम आलं. ड्रॉइंग त्याच दुपारी पाठवायची होती. मी बी-चौदा हे नाव लाल केलं. त्या नावाचे दोन बीम होते, एक जाड, एक हलका. लांबी मात्र सारखीच.

"नियम बंद कर," जयवंत सर म्हणाले.

"सर, अदलाबदल झाली तर? एक तास द्या, मी नावं सुधारते."

"साइटवरची माणसं बघून लावतात गं. तासभर नाहीये आपल्याकडे."

रोवेनाने हात मागे घेतला. सरांनी स्वतःच मला बंद केलं.

साइटवर विघ्नेश नावाच्या फिटरने नाव वाचूनच बीम लावला. जाड बीमच्या जागी हलका लागला. वर यंत्र चढवताच तो वाकला आणि विघ्नेश खाली पडला. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

चौकशीत सर म्हणाले, "नियम रोवेनाने लिहिला होता. त्यातच खोट निघाली."

मला कुणी, किती वाजता बंद केलं, ते माझ्यापाशी नोंदलेलं होतं. रोवेना ती नोंद उघडा म्हणत राहिली. कुणी उघडली नाही. तिची नोकरी गेली.

काही महिन्यांनी विघ्नेश कुबड्या घेऊन ऑफिसात आला. "मी नाव चुकीचं वाचलं का, एवढंच सांगा," तो म्हणाला.

"जुनी फाइल आहे. आता सापडायची नाही," सर म्हणाले.

मी त्याच्यापासून दोन हातांवर होतो.

मित्रांनो, तो अजून स्वतःलाच दोष देत असेल. एखादा नियम तुमच्या कामात आडवा आला, तर चिडा, भांडा, हवं तर तो बदला. पण त्याला गप्प करण्याआधी, तो कुणासाठी अडून बसलाय ते एकदा बघा. मला आता पुन्हा चालू केलं आहे, पण ड्रॉइंग अडवून धरायची मुभा काढून घेतली आहे. मी नाव लाल करतो, आणि माणसं 'ठीक आहे' दाबून पुढे जातात.