ऑर्कचा भाऊबंद

जितेंद्रला इंटरनेटवरच्या खेळात ऑर्क, म्हणजे सुळेवाला हिरवा राक्षस, व्हायचं होतं. त्यासाठी ऑर्कांच्या रीतीत बसणारी पूर्वकथा लिहून टोळीप्रमुखाला पटवावी लागे. प्रमुखाने दोनदा नकार दिला होता. तिसऱ्या नकारानंतर दार कायमचं बंद होणार होतं.

पापडी गावातल्या वाडीतून केळीचे लोंगर कापून आलेले सदानंदकाका कोयता हातात धरूनच पडद्यावरची कथा वाचू लागले.

"आईबाप माणसांनी मारले, लांडग्यांनी वाढवला," काका म्हणाले. "अरे जितू, सगळे नातेवाईक आधीच संपवलेस, आता हा भांडणार कोणाशी?"

"मग काय लिहू?"

"सख्ख्या भावाने बांधाचा दगड वीतभर सरकवला, असं लिही."

जितेंद्रने लिहिलं. ऑर्कने भावाचा हात खांद्यापासून तोडला, त्याच हाताने त्याला झोडपलं, मग मुंडकं उडवून बांधावर दगडाच्या जागी ठेवलं.

"आता ऑर्कला भावाच्या तिरडीला खांदा द्यायला पाठव," काका म्हणाले. "अबोला असला तरी खांदा द्यावाच लागतो. लोक नावं ठेवतात."

संध्याकाळी प्रमुखाचं उत्तर आलं. इतका अस्सल ऑर्क आजवर आला नव्हता, प्रवेश मंजूर. फक्त हिंसा जरा जास्त आहे, भाऊ जिवंत ठेवावा.

जितेंद्रने मुंडकं पुन्हा धडावर बसवलं. हात तुटलेलाच ठेवला.

"चालेल," काका म्हणाले. "उरलेल्या हाताने तो दगड पुन्हा सरकवेल. तुझा खेळ पुष्कळ वर्षं चालेल."