डब्यावरची चिठ्ठी

नीलम हुशार, यात वादच नाही. डहाणू रोडच्या बुकिंग क्लार्कची ही मुलगी बंगळूरला जाऊन बिनमाणसाचं हवाई जहाज बांधते, हे ऐकून अख्ख्या गल्लीने तोंडात बोटं घातली होती. पण हुशार माणसांची एक खोड असते बघा. साधी गोष्ट सांगायला जावं, तर हसतात.

दिवाळीत घरी आली तेव्हा तेच झालं. जहाज म्हणजे मोठा लांबोळा फुगा. पोटात हेलियम, पाठीवर सौरपत्रे. ढगांच्याही वर, वीस किलोमीटर उंचीवर त्याने महिनोन्महिने तरंगायचं आणि वादळात भरकटलेल्या झाई बंदरातल्या कोळ्यांच्या होड्यासुद्धा तिथून हुडकायच्या. पोटाखाली एक ॲल्युमिनियमचा डबा, त्यात प्रवासाची सगळी नोंद. डब्यावरच्या चिठ्ठीचा मजकूर नीलमनेच लिहिला होता. मोबाइलवर चिठ्ठीचा फोटो पाहून तिच्या वडिलांनी, मोहनरावांनी, चष्मा वर केला.

“सगळं इंग्रजीत? अगं, आमच्या स्टेशनच्या पाटीवरसुद्धा मराठी असतं.”

“बाबा, हे काय पालघरचं तिकीट आहे? कुठल्या राज्यात पडेल कुणाला माहीत! इंग्रजी पुरे.”

आणि हसली. मोहनरावांनी मोबाइल परत दिला. शिकलेल्या लेकीपुढे बाप आणखी काय बोलणार?

मार्चमध्ये जहाज उडालं. अकराव्या दिवशी त्यातला वायू गळायला लागला, संपर्क तुटला, आणि दोन तासांनी ते पडलं. पडलं तेही कुठे, तर तलासरी तालुक्यात, उधव्याच्या डोंगरात! नीलमच्या घरापासून तासाभराच्या वाटेवर. त्या दोन तासांत नेमकं काय बिघडलं, ते एका त्या डब्यालाच ठाऊक. नीलमच्या साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं, कारण कळलं तर दुसरं जहाज, नाहीतर गाशा गुंडाळा. सहा वर्षांचं काम त्या डब्यात अडकलं होतं.

पाचव्या दिवशी नीलम उधव्याला पोचली. फुग्याचं कापड सागाच्या झाडांवर लोंबत होतं, डबा मात्र नव्हता. गावात विचारल्यावर कुणीतरी तुळशीचं घर दाखवलं.

साठीची तुळशी जणू वाटच बघत होती. “आलीस बाय! मी म्हटलंच होतं, ज्याची वस्तू तो येईलच. बस, कोरा चहा टाकते.”

“चहा राहू दे, आजी. डबा कुठाय?”

तुळशीने आतून डबा आणला. राखेने घासून असा लखलखीत केलेला की त्यात तोंड दिसावं. नीलमने तो अधाशासारखा ओढून घेतला, तसं वाकडं झाकण सरकलं आणि पांढरे तांदूळ सारवलेल्या ओटीवर सांडले.

“दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देऊ नये,” तुळशी कौतुकाने म्हणाली. “घरचेच हायत.”

नीलमची आईही शेजारणीचा डबा परत देताना त्यात निदान चिमूटभर साखर घालायचीच. पण त्या घडीला तिला कसली आठवण व्हायला!

“आतलं काय केलंत? आतलं?”

“पडून उघडला होता ना. आत माती, जळक्या वासाच्या हिरव्या पट्ट्या. कचराच वाटला. राब भाजत होतो, त्यात टाकला.”

घरासमोर भाताच्या रोपांसाठी भाजलेली जमीन काळी पडली होती. नीलमने धावत जाऊन दोन्ही हातांनी राख उपसली. काळे कोळसे, वितळलेला एक गोळा. संपलं सगळं.

मग तिचा तोल सुटला. “अक्कल गहाण टाकली होती का? कुणाला तरी विचारायचं होतं! सहा वर्षं जाळलीत माझी!” आईच्या वयाच्या बाईला ती वाटेल ते बोलली. तुळशी पदर मुठीत धरून ऐकत राहिली. मग घरात गेली आणि रेशनकार्डाच्या पिशवीतून एक चिठ्ठी घेऊन आली.

“डब्यावर चिकटवलेली होती. घासायच्या आधी अल्लाद सोलली. कुणाचं लिहिलेलं, पाण्यात कसं घालू?” ती हळूच म्हणाली. “मी चौथी शिकले, बाय. मराठी वाचते. हे नाय वाचता आलं. काय लिहिलंय?”

चिठ्ठीला साधी सुरकुती पडली नव्हती. नीलमने मराठीत वाचून दाखवलं.

“डबा उघडू नका. या नंबरवर फोन करा.”

“एवढंच?”

“एवढंच.”

तुळशी चिठ्ठीकडे बघत राहिली. “एवढं तर मी वाचलं असतं गं.”

नीलमला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांचा वर केलेला चष्मा आठवला, आपलं हसणं आठवलं. ‘माझं चुकलं’ हे दोनच शब्द बोलायचे होते, पण इतकं बोललेलं तोंड आता उघडेना. राखेने काळे झालेले हात घेऊन ती अंगणात उभीच राहिली.

तुळशी खाली बसली. सांडलेले तांदूळ तिने वेचून पुन्हा डब्यात भरले, झाकण दाबून बसवलं आणि डबा नीलमच्या हातात दिला.

“रागावू नको, बाय,” ती म्हणाली. “माझं चुकलं.”